फ्रेंच बुलडॉग आणायचाय? आधी त्याचा श्वास ऐका

आमचा ढब्बू झोपला की हॉलमधल्या पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. घरी येणारे हसतात, "आजोबा झोपलेत वाटतं" म्हणतात आणि मोबाइलवर शूटिंग करतात. पहिलं दीड वर्ष आम्हीही हसलो. मग एकदा कानाच्या खाजेसाठी डॉक्टरांकडे गेलो होतो, तिथे वाट बघता बघता ढब्बू बाकाखाली झोपला. डॉक्टर कान राहू देऊन त्या आवाजाकडेच लक्ष देत राहिले. म्हणाले, "घरी रोज असाच झोपतो? याला घोरणं म्हणू नका. हवा आत जाताना अडकतीय त्याची."

तेव्हापासून कुणी "फ्रेंची कुठून घेऊ?" असं विचारलं की मी आधी "घ्यायचाच का?" हे विचारते. लोकांना ते आवडत नाही. पण ज्या क्रमाने आम्ही करायला हवं होतं आणि केलं नाही, तो क्रम इथे लिहिते.

आधी एवढं समजून घ्या

नाव फ्रेंच असलं तरी मूळ इंग्लंडचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या कारागिरांची कामं यंत्रांनी खाल्ली, तेव्हा त्यातले बरेच जण फ्रान्समधल्या नॉर्मंडीत गेले आणि सोबत आपले छोटे बुलडॉग घेऊन गेले. तिथून ही जात पॅरिसला पोचली. ते वटवाघळासारखे उभे कान टिकले ते अमेरिकन शौकिनांच्या हट्टामुळे. त्यांनी १८९७ मध्ये या जातीचा क्लबच काढला. २०२२ च्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने अमेरिकेत लॅब्राडोरचा सलग ३१ वर्षांचा पहिला नंबर हिसकावला. त्यानंतर आपल्याकडेही रीळमधून तो घराघरात दिसायला लागला.

राखण नाही, शिकार नाही, मेंढरं वळणं नाही. माणसाजवळ बसणं एवढंच या कुत्र्याचं काम, आणि ते तो फार मन लावून करतो. भुंकणं कमी, फिरायची हौस बेताची, मुलांशी गट्टी. वन बीएचकेत मजेत राहतो. कुत्रा म्हणून मला त्याच्याबद्दल एकही तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसाने त्याच्या नाकाचं जे करून ठेवलंय त्याबद्दल.

पैदास करताना पिढ्यान्‌पिढ्या आखूड तोंडाचे कुत्रे निवडत गेले. कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. लांबलचक गादी छोट्या अभ्र्यात कोंबावी तसं ते झालंय. नाकपुड्या चिंचोळ्या, मऊ टाळू गरजेपेक्षा लांब आणि जाड, कधी श्वासनलिकाही अरुंद. जोर लावून लावून हवा ओढली की स्वरयंत्राजवळचं अस्तरही सुजून वाटेत येतं. याला डॉक्टर 'बोअस' म्हणतात. प्रत्येक फ्रेंचीला तो तितकाच असतो असं नाही. काही चांगले श्वास घेतात. कुठला घेतो आणि कुठला नाही हे ओळखता येणं, यावर तुमची पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत.

१. पिल्लू बघायच्या आधी मोठा कुत्रा भेटा

पिल्लू बघून कुणीही विरघळतं, म्हणून ते शेवटी बघायचं. आधी ओळखीत कुणाकडे तीन-चार वर्षांचा फ्रेंची असेल तर त्यांच्या घरी दुपारी दोन तास जाऊन बसा. संध्याकाळी गार वाऱ्यात सगळेच छान दिसतात. तो जेवताना आणि जेवल्यावर काय करतो, झोपेत कसा वाजतो, दारावरची बेल ऐकून उठून आला की किती वेळ धापा टाकतो, ते बघा. बाराएक किलोचा हा गठ्ठा उचलूनही बघा. वास येईल, कारण फ्रेंची हवा गिळतात आणि मग ती सोडतात. त्याला इलाज नाही. सोफ्यावर आखूड केस दिसतील. "केस आखूड म्हणजे गळत नाहीत" हे विकणाऱ्याचं वाक्य आहे.

मालकाला एकच प्रश्न नक्की विचारा: गेल्या वर्षी डॉक्टरांकडे किती वेळा गेलात? आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा.

२. मग स्वतःचं घर तपासा

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊ द्यायची, आणि त्यातून अंग गार करायचं, ही त्याची पद्धत. फ्रेंचीकडे ते नाकच अपुरं आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींच्या २०२० च्या अभ्यासात लॅब्राडोरच्या तुलनेत फ्रेंच बुलडॉगला उष्माघाताची शक्यता सुमारे सहा पट दिसली होती. आणि तो ब्रिटनचा उन्हाळा! आपला एप्रिल त्यांनी बघितलेला नाही.

नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याचा कूलर कामाला येतो. मुंबई, कोकण, गोवा इथे पारा ३३-३४ असला तरी हवेत एवढं पाणी असतं की धापा टाकूनही वाफ होत नाही, आणि तिथे कूलर लावणं म्हणजे दमटपणात भर. तिथे एसीच लागतो. पुण्यात आम्ही समजत होतो की आपल्याकडे हवा बरी. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात ती समजूत उतरली.

म्हणून कागद-पेन घेऊन बसा. घरातली सर्वांत गार खोली कुठली? दुपारी तिथे ऊन येतं का? वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? दुपारी घरी कोण असतं? सगळे नऊ ते सात बाहेर असतील तर माझं स्पष्ट मत: फ्रेंची घेऊ नका. एक तर तो एकटा राहत नाही, रडतो, चपला फाडतो. दुसरं, बंद फ्लॅटमध्ये दुपारी एसी ट्रिप झाला तर बघायला कुणी नसतं.

जिन्याचाही विचार करा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. फ्रेंचीच्या पाठीचे मणके बऱ्याचदा जन्मतःच वेडेवाकडे असतात आणि मणक्यांमधली चकती सरकून मागचे पाय लुळे पडण्याचा धोका या जातीत मोठा. त्यामुळे जिना उतरताना ढब्बू कडेवर. दिवसातून तीनदा. पावसाळ्यात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात ढब्बू. नवऱ्याची कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "जड काय उचलता?" सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, चढायला छोटी पायरी ठेवा, गुळगुळीत लादीवर चटया किंवा सतरंज्या टाका.

३. पैशाचा हिशोब

पिल्लाची किंमत हा सगळ्यात छोटा आकडा आहे. ती लाखाच्या आसपास किंवा त्याच्या कितीतरी वर सांगतात, आणि लोक तिथेच घासाघीस करत बसतात. खरा खर्च पुढे असतो.

विजेचं बघा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. दिवसाला सहा तास धरले तर उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ५४० ते ८१० युनिटं. आपापल्या बिलाच्या दराने गुणून घ्या. मग दर महिन्याचं खाणं, गोचिडांचं औषध, जंताचं औषध, वर्षाच्या लशी. त्यात या जातीचे ठरलेले पाहुणे: कानाचा संसर्ग, त्वचेची अ‍ॅलर्जी, डोळ्यावर ओरखडा उठून होणारी जखम, डोळ्याच्या कोपऱ्यात लालबुंद गोळी वर येणं.

आणि नाक-टाळूची शस्त्रक्रिया. ढब्बूची झाली. नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा जास्तीचा भाग कापला. पिल्लासाठी जेवढे मोजले होते जवळपास तेवढेच पुन्हा गेले. पाळीव कुत्र्यांचा विमा आता मिळतो, पण जन्मजात दोषांबद्दलचं कलम सही करण्याआधी वाचा. फ्रेंचीचे बरेचसे महागडे आजार नेमके त्याच कलमात अडकतात.

किती जगतो? ब्रिटनमधल्याच २०२२ च्या एका अभ्यासात जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुष्य जेमतेम साडेचार वर्षं आलं आणि मोठी खळबळ उडाली. त्यात मेख अशी की जात अचानक लोकप्रिय झाल्याने नोंदीतले कुत्रेच बहुतेक तरुण होते. २०२४ च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात आकडा ९.८ वर्षं आला. तुम्ही दहा वर्षांची तयारी ठेवा.

४. कुठून घ्यायचा

इथे आमची चूक आधी सांगते. आम्ही फोटो बघून आगाऊ पैसे भरले. पिल्लू एका माणसाने हायवेवरच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीतून काढून दिलं. आई कुठाय विचारलं तर "फार्मवर आहे मॅडम, लांब पडेल." कागद "पुढच्या आठवड्यात कुरियर करतो." ते कुरियर अजून यायचंय. असं कुणी सांगितलं तर परत फिरा, पिल्लू कितीही हातात बिलगलेलं असो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पिल्लाला मायक्रोचिप हवी. नोंदणी क्रमांक मागा. खरा ब्रीडर चिडत नाही, उलट तुमचीच चौकशी करतो: घरात कोण असतं, एसी आहे का, कितवा मजला. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद चांगलाच, पण तो वंशावळ सांगतो, तब्येत नाही. "पेपरवाला आहे, टेन्शन नाही" या वाक्यात दुसऱ्या अर्ध्याचा पहिल्याशी काही संबंध नाही.

आईला भेटायचंच. जमलं तर बापालाही. ते वर्षापेक्षा मोठे असायला हवेत. त्यांना तीन मिनिटं झपझप चालवायला सांगा आणि मग शेजारी उकिडवं बसून ऐका. धापा टाकणं ठीक. पण श्वास घेताना घर्रर्र किंवा शिट्टीसारखा आवाज, फेस, ओकारी, किंवा पाच मिनिटांनीही न थांबणारी धाप असेल तर त्या वेताचं पिल्लू नको. केंब्रिज विद्यापीठाची श्वास तपासायची पद्धत अशाच तीन मिनिटांच्या चालण्यावर बेतलेली आहे. डॉक्टर तिथे स्टेथोस्कोप लावतात, आपण कान लावायचा. कुत्री किती वेळा व्यायली आणि सीझर झालं का, हेही विचारा. ब्रिटनमधल्या एका पाहणीत फ्रेंच बुलडॉगची ८० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं शस्त्रक्रियेने झालेली आढळली होती. डोकं मोठं, कमरेचं हाड अरुंद. म्हणून "सीझर झालं" हे उत्तर खरं वाटतं. "सगळं नॉर्मल, दर सहा महिन्यांनी पिल्लं असतात" हे उत्तर आलं तर तिथून निघा.

रंगाला भुलू नका. निळसर, जांभळट, ठिपक्याठिपक्यांचा मर्ल, लांब केसांचा 'फ्लफी' असं 'रेअर' म्हणून दुप्पट दराने विकतात. वाघासारखे पट्टे, फिकट बदामी, पांढऱ्यावर ठिगळं हे या जातीचे मूळ रंग. निळ्यात केस विरळ होऊन त्वचेचा त्रास होण्याची शक्यता असते. दोन मर्ल एकमेकांना लावले तर पिल्लं बहिरी, आंधळी जन्मू शकतात. जास्त पैसे देऊन जास्त आजार घ्यायचे, हा व्यवहार मला कळलेला नाही.

आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत शहाणी: मोठा फ्रेंची दत्तक घ्या. हौसेने आणून, खर्च बघून सोडून दिलेले फ्रेंची प्राणी संस्थांकडे येत असतात. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा श्वास, पाठ, स्वभाव सगळं समोर दिसतं. पिल्लाच्या बाबतीत तुम्ही अंदाजावर पैसे लावता.

५. पिल्लू हातात घ्याल तेव्हा

नाक बघा. उजेडात, अगदी जवळून. नाकपुडी उघड्या स्वल्पविरामासारखी दिसली पाहिजे, आत काळोख दिसला पाहिजे. नुसती उभी चीर असेल, श्वास घेताना ती आत ओढली जात असेल, तर पिल्लू खाली ठेवा. ढब्बूच्या जुन्या फोटोत त्या दोन चिरा आता इतक्या स्पष्ट दिसतात की तेव्हा आम्ही काय बघत होतो कोण जाणे. कान बघत होतो.

मग त्याला झोपू द्या. तोंड मिटून, नाकाने शांत झोपतंय का? हनुवटी उंच टेकवून किंवा तोंडात खेळणं धरूनच झोपत असेल तर ते गोंडस नाही, हवेसाठी केलेली सोय आहे. डोळ्यांतून पाणी, सुरकुत्यांत लाली, शेपटीच्या खाली ओला खळगा, चालताना मागचा पाय मध्येच उचलणं, या बाकीच्या गोष्टी.

पिल्लू आणल्यापासून दोन दिवसांत तुमच्या डॉक्टरांनी तपासायचं आणि दोष निघाला तर पैसे परत, हे चिठ्ठीवर लिहून सही घ्या. तोंडी नको.

६. सोसायटी, परवाना, प्रवास

सेक्रेटरी म्हणाले "आमच्याकडे कुत्रे अलाउड नाहीत" तर भांडू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून द्या. सोसायटीला ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही. तुमच्या बाजूने शी उचलायची पिशवी खिशात हवी. पुणे, मुंबईसारख्या महापालिकांचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला लागतो.

सुट्टीत कुत्रा सोबत न्यायचं मनात असेल तर आत्ताच ऐका. चपट्या नाकाच्या जातींना अनेक विमान कंपन्या सामानाच्या कक्षातून नेत नाहीत, आणि नेलं तरी मी पाठवणार नाही. रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन बुक केली तरच सोबत नेता येतो. गार्डच्या डब्यातल्या पेटीत मे महिन्यात फ्रेंची म्हणजे सरळ जिवाशी खेळ. उरली स्वतःची गाडी, एसी लावून, आणि चहाला थांबलात तरी एकाने आत बसून.

७. पहिले काही महिने

सहा-आठ आठवड्यांपासून लशी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर रस्त्यावर उतरवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोची लस आणि गोचिडांचा बंदोबस्त दोन्ही टाळायचे नाहीत. गोचीडतापाने धडधाकट कुत्रे आठवड्यात आडवे होतात.

गळ्यात पट्टा नको, छातीला हार्नेस. आधीच अरुंद वाटेवर दोरी कशाला आवळायची? चेहऱ्याच्या घड्या रोज ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरड्या करा, आणि महत्त्वाचं ते कोरडं करणंच. पाण्याच्या टाकीपासून, स्विमिंग पुलापासून लांब: डोकं जड, पाय आखूड, फ्रेंची बहुतेक बुडतो.

वजन वाढू देऊ नका. बोटं फिरवली की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आमच्याकडे ही लढाई सासूबाईंशी होती. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्यांनी प्रेमाने पुढे केला, त्यात मनुके. मनुके आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट वर्ज्य; पुरणपोळीतलं जायफळही नको. "एवढंसं दिल्याने काय होतंय," या वाक्यासाठी घरात आधीच एकमत करून ठेवा. आता सासूबाई त्याला काकडीची फोड देतात आणि तो तितक्याच कृतज्ञतेने खातो.

नसबंदी किंवा कुठल्याही कारणाने भूल द्यायची झाली तर डॉक्टरांना आधी विचारा: चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नेहमी भूल देता का, आणि श्वासाची नळी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ठेवता का?

८. उष्माघात: हे पाठ करा

एप्रिलची संध्याकाळ, साडेपाच. ऊन उतरलं असं आम्हाला वाटलं आणि वेताळ टेकडीच्या पायथ्याशी चक्कर मारायला निघालो. डांबर उतरलं नव्हतं. दहा मिनिटांत ढब्बू कट्ट्याच्या सावलीत पोटावर पसरला, चारी पाय फाकवून. जीभ रुंद, टोकाला वर वळलेली, आणि गुलाबीची जांभळट व्हायला लागलेली. लाळ चिकट, दोरीसारखी. आवाज करवतीसारखा.

समोरच्या रसवंतीवाल्याने न विचारता पाण्याची बादली आणून अंगावर ओतली. आम्ही "अहो, एकदम गार पाणी नका" म्हणत होतो. तो बरोबर होता, आम्ही चुकीचे. आधी गार करा, मग डॉक्टरकडे न्या. असेल ते पाणी पोटावर, काखेत, जांघेत, पाठीवर ओतत राहा, वर वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जाईल. स्वतः प्यायला तर पिऊ द्या. गाडीत एसी पूर्ण. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या पुढे आतले अवयव बिघडायला लागतात, म्हणून बरा दिसला तरी त्याच दिवशी दाखवा.

आता आम्ही उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नवानंतर निघतो. निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवायची. टेकवता आली नाही तर गच्चीत.

हे सगळं वाचूनही घ्यायचाच ठरला, तर पिल्लू घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एक करा. तो गाढ झोपला की पंखा बंद करून एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. शांत झोपेत मिनिटाला तीसच्या आत हवी. असाच व्हिडिओ दर महिन्याला घ्या आणि तारखेसह डॉक्टरांना पाठवत राहा. आमच्याकडे ढब्बूच्या पहिल्या दीड वर्षाचे असे अकरा व्हिडिओ होते. सगळ्यांत मागे आमचा हसण्याचा आवाज आहे.